शेवटच्या सायकलीच्या वेगाने: सायकल वारीचा पहिला दिवस, नाशिक ते नगर

आषाढी जवळ आली की नाशिकच्या सायकल दुकानांत गर्दी उसळते. कुणाला सीट बदलायची असते, कुणाचा गियर अडकत असतो, आणि एखादा तरी चार वर्षं बाल्कनीत धूळ खात पडलेली सायकल खांद्यावर आणून विचारतो, "पंढरपूरपर्यंत जाईल ना ही?" सायकल जाते हो. तिच्यावर बसणाऱ्याचं काय, ते पहिल्या दिवशी कळतं.

नाशिक ते पंढरपूर रस्त्याने साधारण ३४० किलोमीटर. बहुतेक गट हे अंतर तीन दिवसांत करतात: पहिला मुक्काम अहिल्यानगर, म्हणजे आपल्या तोंडातलं नगर, दुसरा टेंभुर्णी, आणि तिसऱ्या दिवशी उरलेले ४५ किलोमीटर कापून चंद्रभागेचा काठ. पहिला दिवस सगळ्यात लांब, १५० ते १६० किलोमीटरचा; तुम्ही शहराच्या कुठल्या टोकाहून निघता त्यावर थोडं कमीजास्त. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून नाशिक, सिन्नर करत नगरकडे जाते तेव्हा चालणाऱ्यांना त्यासाठी आठवड्याहून जास्त लागतो. आपण ते एका दिवसात उरकायला निघतो, त्यामुळे गट फुटतो तोही याच दिवशी. म्हणून हा लेख फक्त या एका दिवसाचा.

मी पहिल्या तीन वाऱ्या पुढच्या सायकलींसोबत केल्या. नंतरच्या सगळ्या शेवटच्या सायकलीमागे. खाली जे लिहितोय ते मागून दिसलेलं आहे.

आधीचे दोन महिने

तयारीला आठ आठवडे धरा. आठवड्यातून दोन दिवस सकाळी २०-२५ किलोमीटर आणि रविवारी एक लांब फेरी. पहिल्या रविवारी त्र्यंबकेश्वर जाऊन-येऊन, साधारण ६० किलोमीटर. ते जमलं की इगतपुरी जाऊन-येऊन, सुमारे ९०. त्यानंतर सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचं नांदुरी, म्हणजे परत येईपर्यंत शंभरी ओलांडते. वारीच्या आधी शंभराची एक तरी फेरी अंगात असू द्या. ती झाल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता आलं तर तुम्ही तयार आहात. शेवटच्या आठवड्यात मात्र हात आखडता घ्या. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारे इथेही पुष्कळ भेटतात.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून या, आणि आल्यावर ते लपवू नका. मधुमेह असलेल्याने गटातल्या निदान दोघांना तसं सांगून ठेवावं आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं.

सायकल

महागडी सायकल लागत नाही. गियरवाली साधी हायब्रिड, म्हणजे रस्त्याची आणि डोंगरातली यांच्या मधली सायकल, या रस्त्याला उत्तम. एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल, असेल तर तिचे खडबडीत गोट्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर घाला. एवढ्या एका बदलाने दिवसाअखेर पाय तुम्हाला दुवा देतील.

हवा किती भरायची ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं. पीएसआय म्हणजे इथे फौजदार नव्हे, हवेच्या दाबाचं माप. हायब्रिडच्या टायरला साधारण ५० ते ७०, एमटीबीला ३५ ते ५०. पावसात वरच्या आकड्यापेक्षा पाच-सात कमी ठेवा, पकड चांगली राहते.

सीटची उंची सर्वांत दुर्लक्षित. सायकलवर बसून पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्यात हलकासा बाक येतो, तोच हवा. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. ही उंची निघण्याच्या दिवशी बदलू नका, दोन आठवडे आधी ठरवून टाका.

बरोबर काय घ्यायचं? दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), छोटा पंप, ॲलन कीचा (षटकोनी पान्यांचा) संच, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, हेल्मेट. ट्यूब आपल्याच चाकाच्या मापाची आणि आपल्याच व्हॉल्व्हची (हवा भरायच्या नळीची) हवी, आणि पंप त्या व्हॉल्व्हला बसतो की नाही ते घरी बघून घ्या. हे वाक्य मी का लिहितोय ते पुढे येईल. कपड्यांत पॅडची शॉर्ट, तिच्या आत दुसरं काही नाही. मांड्यांना जिथे घासतं तिथे व्हॅसलीन. रेनकोट ढगळ नको, वाऱ्यात त्याचं शीड होतं. पिवळं किंवा नारिंगी हलकं जॅकेट बरं. मोबाईल आणि पैसे झिपच्या प्लास्टिक पिशवीत.

गट बांधताना

माझ्या दुसऱ्या वारीत आम्ही तिसेक जण होतो. पुढच्या आठ-दहा जणांची चांगली लय लागली होती, पाठीवर वारा होता, आणि आम्ही अकराच्या आत जेवणाच्या थांब्यावर, लोणी गावात. जेवायला बसलो, पत्रावळ्या मांडल्या, आणि एक उरली. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका नव्हते. फोन लागेना. मागे गाडी पाठवली तेव्हा तळेगाव दिघेच्या अलीकडे एका बाभळीखाली ते सापडले. चाक पंक्चर, पंप होता पण व्हॉल्व्हला बसत नव्हता, आणि पाणी संपून अर्धा तास झालेला. काका चिडले नाहीत. "मला वाटलं तुम्ही माझ्या मागे आहात," एवढंच म्हणाले. त्या दिवशी आमच्यातल्या प्रत्येकाला तो दुसऱ्या कुणाच्या तरी सोबत आहे असंच वाटत होतं.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. दहा ते पंधरा सायकलींची एक तुकडी. प्रत्येक तुकडीला पुढे एक लीड, मधे एक किंवा दोन मार्शल, आणि सर्वांत मागे एक स्वीप. लीड रस्ता आणि थांबे ठरवतो. स्वीपच्या मागे कुणीही राहायचं नाही. तुकडीतला सर्वांत दमदार सायकलपटू पुढे नको, मागे हवा. ही गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. पण पंक्चर काढून देणं, थकलेल्याशी बोलत राहणं, त्याची बॅग आपल्या खांद्यावर घेणं आणि वर पुन्हा तुकडी गाठणं, याला जो दम लागतो तो पुढे वारा कापणाऱ्यालाही लागत नाही.

वेग स्वीप ठरवतो. तो शिट्टीने किंवा फोनवरून सांगतो, लीड हळू करतो. दिंडीत टाळकरी, मृदंगवाले, विणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेली बाई एका लयीत चालतात. झेंडेकरी कितीही तरुण असला तरी दिंडी सोडून पळत नाही. तसंच.

प्रत्येकाला आकडा द्या. थांबा सोडण्याआधी सगळ्यांनी मोठ्याने आपापला आकडा बोलायचा: एक, दोन, तीन... चौदा. पहिल्या दोन थांब्यांवर लोकांना शाळेत आल्यासारखं वाटून हसू येतं, तिसऱ्यापासून सवय होते. शिवाय जोड्या लावा. नवरा-बायको किंवा जिवलग मित्र एकाच जोडीत नकोत, ते भांडतात किंवा दोघंही गप्पांत मागे पडतात.

दोन तुकड्यांत निदान दोन-तीनशे मीटरचं अंतर हवं, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला एक तुकडी ओलांडून मधे शिरता येतं. महामार्गावर कायम एकेरी रांग. दोन सायकलींत कोरड्या रस्त्यावर एका सायकलीचं, ओल्यावर दोन सायकलींचं अंतर. पुढच्याने हाताने खड्डा दाखवायचा आणि ओरडायचंही: "खड्डा!", "वाळू!", "गाडी मागून!", "थांबतोय!" ऐकलेलं मागच्याने पुढे पोचवायचं. न सांगता ब्रेक दाबणं हा या दिवसातला एकमेव अक्षम्य गुन्हा.

आता सोबतच्या गाडीबद्दल. पुष्कळ गट टेम्पोला शेवटच्या सायकलीमागे पंधराच्या वेगाने रांगत ठेवतात. महामार्गावर हे धोक्याचं आहे, मागून ऐंशीने येणाऱ्याला ती गाडी थांबलेली आहे की चाललेली ते कळत नाही. गाडी पाच-सात किलोमीटर पुढे जाऊन रस्त्याच्या खाली उतरून उभी राहू दे, स्वीप तिथून पुढे गेला की तिने पुन्हा पुढे जावं. तिच्यात पाणी, ओआरएस, प्रथमोपचार पेटी, उभा पंप, दोन-चार जास्तीच्या ट्यूब आणि निदान तीन सायकली मावतील एवढी जागा हवी.

पहाट ते सिन्नर

जूनच्या शेवटी नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. निघायचं पाचला. तासाला १८ ते २० किलोमीटरच्या वेगाने चाकावरचे आठ-नऊ तास आणि थांब्यांचे तीन, म्हणजे दिवस मावळायच्या बऱ्याच आधी नगर. पाचचे साडेसहा झाले तर तो दीड तास शेवटी मावळतीच्या तोंडावर फेडावा लागतो. गजर साडेतीनचा, उठल्यावर एक केळं, थोडा चहा, आणि घाई न करता शौच. हसू नका, सिन्नरपर्यंत धड जागा नाही.

नाशिकरोड, चेहेडीला दारणेचा पूल, मग शिंदे-पळसे. इथपर्यंत रस्ता सपाट आणि उत्साह उतू जाणारा. लीडचं खरं काम इथेच आहे: ताजी माणसं पंचवीसने पळतात, त्यांना अठरावर धरून ठेवायचं. मोहदरी घाट मोठा नाही, पण अंग गरम होण्याआधी येतो. चढाला लागण्यापूर्वीच गियर हलका करा. चढावर जोर लावलेला असताना गियर बदलला की साखळी निसटते. पाय भरभर फिरू देत, सायकल हळू गेली तरी चालेल. उतरून चालावंसं वाटलं तर चाला, स्वीप सोबत चालेल. घाट संपल्यावर माळेगाव एमआयडीसी. पहिल्या पाळीच्या बसगाड्या आणि मोटारसायकली सुरू होण्याआधी ती मागे टाकलेली बरी.

सात-सव्वासातला सिन्नर, ३० किलोमीटर झाले. नाश्त्याला पोहे, उपमा, केळी. मी नाशिकचा असूनही सांगतो, मिसळ नको. तर्रीचा हिशोब पुढच्या चढावर चुकता होतो आणि पाव पोटात फुगून बसतो. गोंदेश्वर मंदिर गावातच आहे, यादवकाळातलं, मुख्य देवळाभोवती चार लहान देवळं. पण ते परतीला किंवा एखाद्या रविवारी बघा. आज तिथे गेलात की एक तास गेलाच.

सिन्नर ते लोणी

सिन्नर सोडल्यावर पुणे रस्त्याने गोंद्याजवळ समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज लागतो. समृद्धीवर सायकलला परवानगी नाही. तिथे भरधाव गाड्या डावीकडे वळत असतात, आपण सरळ जाणारे. त्यांना वाटतं आपणही वळणार. तुकडीने एकत्र थांबायचं, मागे बघायचं आणि एकदम ओलांडायचं. एकेकटं शिरायचं नाही.

नांदूर शिंगोट्याला पुणे रस्ता सोडून डावीकडे तळेगाव दिघे, लोणीच्या रस्त्याला लागा. वाहतूक एकदम कमी होते आणि माणसं गाऊ लागतात. हा पर्जन्यछायेचा पट्टा. नाशकात धो-धो असला तरी इथे ढग नुसते पळताना दिसतात. सावली कमी, तहान जास्त. ढगाळ हवेत घाम कळत नाही म्हणून लोक पाणी प्यायचं विसरतात आणि अकराच्या सुमारास पोटरीत गोळे येतात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एक बाटली साधी आणि एक ओआरएसची किंवा लिंबू-मीठ-साखरेची. दर पाऊण तासाने तोंडात काहीतरी: दोन खजूर, राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याचा लाडू. मला स्वतःला मीठ लावलेला उकडलेला बटाटा सगळ्यात लागू पडतो. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

बाभळीचे काटे आणि सराटे याच पट्ट्यात, तेव्हा पंक्चरही इथेच काढू. आधी रस्त्यापासून दूर व्हा. मागचं चाक असेल तर साखळी सर्वांत लहान चकतीवर आणा, मग चाक काढा. उरलेली हवा सोडा, लिव्हरने टायरची एकच कड बाहेर घ्या, ट्यूब ओढून काढा. ट्यूबला भोक कुठे आहे ते बघा आणि टायरला त्याच जागी, आतून, बोट हळूच फिरवा. काटा किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार तिथेच बसलेली असते. ती काढली नाही तर नवी ट्यूब दोन किलोमीटरवर जाते, आणि मग आपण ट्यूबच्या कंपनीला शिव्या घालतो. नवी ट्यूब किंचित फुगवून बसवा म्हणजे ती पिळत नाही. टायरची कड शेवटी व्हॉल्व्हपाशी अंगठ्यांनी दाबून आत ढकला; तिथे लिव्हर वापरला की ट्यूब चिमटते. पावसात पॅचच्या नादी लागू नका, ओल्या रबराला तो धरत नाही. ट्यूब बदला, जुनी रात्री मुक्कामी सांधा. सगळं मिळून दहा मिनिटं. हे घरी दोनदा करून बघितलेलं असावं.

वाटेत चालत जाणारी दिंडी भेटली तर घंटी वाजवू नका. वेग कमी करा, "माउली" म्हणा, त्या वाट देतात. रस्ता अरुंद असेल तर उतरा आणि थोडं सोबत चाला. एखादी आजी तुमच्या सायकलला हात लावून नमस्कार करेल. आपण वाकायच्या आत ती पुढे गेलेली असते.

लोणी जवळ आली की ऊस सुरू होतो, आणि दहा किलोमीटरमागे आपण उजाड माळावर होतो यावर विश्वास बसत नाही. हे भंडारदऱ्याचं पाणी. १९२६ साली ते धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा भाग बदलला. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने इथे सहकारी साखर कारखाना उभा केला. कालव्याच्या पाण्यात उड्या मारायचा मोह अनावर होतो. मारू नका, वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला आत ओढ असते.

जेवण लोणीत, अकरा-साडेअकराला. वरण-भात, मुगाची खिचडी, ताक. पोळ्या दोन पुरेत, गोड रात्री. जेवणानंतर अर्धा तास पाय वर करून आडवं व्हा, पण झोपू नका.

लोणी ते नगर

कोल्हारला प्रवरा ओलांडली की आपण मनमाडहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर असतो, आणि दिवसाची मजा संपते. ट्रक, उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या कडा, खड्डे. निघण्याच्या आठवड्यात कुणीतरी मोटारसायकलने हा भाग बघून यावं, दरवर्षी तो वेगळा असतो. पाणी साचलेल्या डबक्यातून सायकल घालू नका. खाली पोकळी किती ते दिसत नाही. रंगवलेले पांढरे पट्टे आणि पुलावरच्या लोखंडी पट्ट्या ओल्या असल्या की साबण. त्यांच्यावरून सरळ जा, तिथे वळू नका आणि ब्रेकही नको. रिमचे ब्रेक पावसात उशिरा धरतात, म्हणून ब्रेक लवकर आणि दोन्ही.

राहुरीच्या पुढे रस्ता दक्षिणेकडे वळतो आणि सकाळपासून मागून ढकलणारा वारा आता उजव्या बाजूने मारतो. ट्रक शेजारून जाताना क्षणभर वारा अडतो, सायकल ट्रककडे झुकते. तो गेला की वारा परत ढकलतो. हँडल सैल पण दोन्ही हातांत धरा, डावीकडे हातभर जागा राखून चाला. गाण्याचे बोळे कानात असतील तर काढा.

साधारण ११० ते १३० किलोमीटरच्या मधे माणसं गप्प होतात. बोटं बधिर होतात, हातांची पकड बदलत राहा. कुणी "मी ठीक आहे" असं जरा जास्तच पटकन म्हणालं की स्वीपने त्याला थांबवून पाणी आणि मीठ-साखर द्यावी. थंडी वाजणं, चाक वेडंवाकडं जाणं, उत्तरं उशिरा येणं यांपैकी काहीही दिसलं की सायकल टेम्पोत आणि माणूसही. यावर तिथे चर्चा नको. नियम आदल्या दिवशीच ठरवा: अमुक वाजता राहुरी पार झाली नाही तर पुढचं अंतर गाडीतून. आम्ही तीन ठेवतो. दोन वर्षांपूर्वी मीही बसलो होतो त्या टेम्पोत, तापाने फणफणून, आणि दुसऱ्या दिवशी तसाच गाडीतून टेंभुर्णीपर्यंत गेलो.

विळद घाट हा दिवसाचा शेवटचा चिमटा. लहान आहे, पण पायांना ते पटत नाही. त्यानंतर शहर, सिग्नल, संध्याकाळची गर्दी. शेवटच्या पाच किलोमीटरात लोक सैल पडतात आणि पडतातही. सगळ्या तुकड्या शहराच्या अलीकडे एकत्र करा, दिवे लावा, एकेरी रांगेत आत शिरा.

मुक्कामी

आधी सायकल, मग आंघोळ. साखळी कोरड्या फडक्याने पुसून दोन थेंब तेल. रात्रभर ओली राहिली तर सकाळी कुरकुरते. ब्रेकच्या रबरात अडकलेली खडी काढा. दिवे, फोन चार्जिंगला. ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडून राहा. घासलेल्या जागी स्वच्छ पाण्याने धुऊन मलम लावा आणि उद्यासाठी दुसरी कोरडी शॉर्ट बाहेर काढून ठेवा, उद्या टेंभुर्णीपर्यंत १४० किलोमीटर आहेत.

जेवणाआधी एकदा आकडे घ्या. स्वीप बहुधा शेवटी पोचलेला असतो आणि त्याची आंघोळही झालेली नसते. त्याचा आकडा आला की ताटं वाढायला सांगा, आणि पहिलं ताट त्याच्यासमोर ठेवा.